खालची लांब ओळ

मालवणकडचे ईसीजी हल्ली मला बहुतेक मोबाइलवरच येतात. पाठवणारा घाईत असतो, कागद पंख्याखाली फडफडत असतो आणि बाराही लीड एका फोटोत बसवताना नेमकी तळाची लांब ओळ कापली जाते. अटॅक ओळखायला बऱ्याचदा वरचे तुकडे पुरतात. हार्ट ब्लॉक ओळखायला मात्र ही ओळच हवी. वरच्या प्रत्येक लीडच्या वाट्याला साधारण अडीच सेकंद येतात. नाडी मिनिटाला ३० असली तर तेवढ्यात ठोका एखादाच पडतो, आणि एका ठोक्यावरून ताल कोणाला कळणार? खालच्या दहा सेकंदांत निदान पाच तरी सापडतात.

आधी शब्दाचा घोळ. गावात 'ब्लॉकेज' म्हटलं की रक्तवाहिनी तुंबलेली, स्टेंट टाकायची. इथला अडथळा विजेच्या वाटेवरचा. हृदयाचे वरचे कप्पे हाक देतात, ती कागदावर 'पी' लहर. खालचे कप्पे ओ देतात, ते उंच टोकदार 'क्यूआरएस'. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे बारीक चौकोन ०.०४ सेकंदाचा. हाकेपासून ओ येईपर्यंत पाच बारीक चौकोन चालतात. त्याहून जास्त लागले पण ओ दरवेळी आली, तर तो पहिल्या दर्जाचा ब्लॉक. त्याने एकट्याने सहसा कोणी दगावत नाही.

दुसऱ्या दर्जात दोन जाती. एकीत उशीर वाढत वाढत जातो, एक ठोका गळतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. वेंकेबाख यांनी हे १८९९ मध्ये, ईसीजी यंत्र यायच्या आधी, नाडीच्या आलेखावरून ओळखलं होतं. याचं मला अजून नवल वाटतं. धडधाकट तरुणांत झोपेतही हा प्रकार दिसतो. दुसरी जात मोबिट्झ यांनी १९२४ मध्ये वेगळी काढली: उशीर वाढत नाही, कसलीही सूचना न देता ठोका गायब. हिचा पेशंट थांबवून ठेवू नये.

आणि तिसरा दर्जा म्हणजे डबलबारीत दोन्ही बुवांनी एकाच वेळी भजन धरावं तसा. दोघेही आपापल्या तालात पक्के, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. खालचा बुवा मिनिटाला ४०-६० ने आणि अरुंद क्यूआरएसने गात असेल तर थोडी उसंत मिळते. २०-४० ने आणि रुंद क्यूआरएसने गात असेल तर गाडी आधी काढायची.

असा ब्लॉक असलेला माणूस मध्येच कोसळतो आणि मिनिटभरात उठून बसतो. "आवशीक झीट इली, मगे बरी झाली," असं मुलगा सांगतो. तोवर घरात देवाला कौल लावून झालेला असतो. डब्लिनच्या अ‍ॅडम्स यांनी १८२७ मध्ये आणि स्टोक्स यांनी १८४६ मध्ये अशाच झिटेबद्दल लिहिलं. तपासणीच्या वेळी पट्टी निर्मळ निघू शकते, म्हणून झिटेची हकीकत पट्टीइतकीच नीट ऐकावी लागते.

पेसमेकरचा विचार करण्याआधी औषधांची पिशवी उलटी करून बघावी. बीटा ब्लॉकर, डिगॉक्सिन, मूत्रपिंड बिघडल्याने चढलेलं पोटॅशियम. कोणी पिवळ्या कण्हेरीची बी खाल्ली आहे का, तेही. अटॅकसोबतचा ब्लॉक असेल तर खालच्या भिंतीच्या अटॅकमधला पुष्कळदा काही दिवसांत ओसरतो. पुढच्या भिंतीचा असेल तर मला धास्ती वाटते.

कोकणात विंचूही तालात ढवळाढवळ करतो. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर येणाऱ्या संकटात प्राझोसिन उपयोगी पडतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मधून जगापुढे मांडलं. खेड्यातल्या दवाखान्यातून निघालेलं हे संशोधन.

ओरोसला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, तरी हृदयाचा पेशंट म्हटला की आमच्याकडे नजर अजून गोव्यातल्या बांबोळीच्या इस्पितळाकडे वळते. हायवेवरचे ते तास कोणासाठी घालवायचे, हे गावातल्या पट्टीवरच ठरतं. ती दूर पाठवायची कल्पना जुनीच. लायडनमध्ये आइंटहोवेन यांचं ईसीजी यंत्र सुमारे २७० किलोचं होतं, चालवायला पाच माणसं. पेशंटचे हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्यात. ते हलवणं शक्य नव्हतं, म्हणून १९०५ मध्ये दीड किलोमीटरवरच्या इस्पितळातून टेलिफोनच्या तारेने हृदयाचे ठोके यंत्राकडे आणले गेले. त्या पट्टीची खालची कड कोणी कापली नसावी.

जुनी पट्टी हाताशी असली की अर्धं काम होतं, पण ईसीजीच्या कागदावरच्या रेषा ऊन-दमटपणाने विरतात. म्हणून मी झेरॉक्स काढून ठेवायला सांगतो. गेल्या पावसात एक आजी रेशनकार्डाच्या प्लास्टिकमधून तशी झेरॉक्स घेऊन आल्या. स्वच्छ, ठसठशीत, वरचे बाराही लीड जागच्या जागी. तळाची ओळ दुकानदाराने मापात बसेना म्हणून कापली होती.