क्लिकची बोली आणि कमिशनचा हिशोब

वसमतच्या मोंढ्यात हळदीचा लिलाव लागला की मुरलेला खरेदीदार मनाला येईल तो भाव बोलत नाही. पुढच्या बाजारात या मालाला काय मिळेल, हे तो आधी पाहतो. त्यातून बारदाना, हमाली, गाडीभाडे आणि घट वजा करतो, आपला नफा बाजूला काढतो. उरेल तो आकडा ही त्याची शेवटची बोली. शेजारचा त्याच्या पुढे गेला तर तो गप्प राहतो. गुगलवर जाहिरात देऊन कमिशन मिळविण्याच्या धंद्यात हाच नियम चालतो. मात्र अनेकजण तो विसरतात आणि भांडवल घालवून बसतात.

हा धंदा काय आहे?

दुसऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळवून द्यायचे आणि विक्री झाली की ठरलेले कमिशन घ्यायचे, याला ॲफिलिएट व्यवसाय म्हणतात. ॲमेझॉनने १९९६ साली अमेरिकेत अशी योजना सुरू केली. आपल्याकडील आडत्याचे काम असेच असते. फरक इतकाच की येथे गिऱ्हाईक आणण्याचा खर्च आपल्यालाच करावा लागतो.

हा खर्च क्लिकवर असतो. गुगलवर कोणी काही शोधले की वर काही जाहिराती दिसतात. जाहिरात नुसती दिसली तर पैसे लागत नाहीत, बोट लावून ती उघडली की लागतात. कोणत्या शब्दावर आपली जाहिरात दिसावी आणि एका क्लिकला जास्तीत जास्त किती द्यावे, हे आपण सांगायचे. हीच बोली. शब्दांवर बोली लावण्याची ही रीत अमेरिकेतील गोटू कंपनीने १९९८ साली रूढ केली. गुगलने २००२ पासून क्लिकवर बोली घेणे सुरू केले.

येथे मोंढ्याहून एक गोष्ट वेगळी आहे. नुसती मोठी बोली पहिली येत नाही. जाहिरात शोधणाऱ्याच्या किती कामाची आहे, यालाही गुगल वजन देते. समजा, एकाची बोली १० रुपये आणि जाहिरातीचे गुण ४, म्हणजे ४०. तुमची बोली ७ रुपये आणि गुण ६, म्हणजे ४२. तुम्ही वर येता. शिवाय पूर्ण ७ रुपये लागत नाहीत, त्याच्या पुढे राहण्यापुरते म्हणजे ६ रुपये ७० पैशांच्या आसपास लागतात. प्रत्यक्ष हिशोब यापेक्षा गुंतागुंतीचा असला तरी तत्त्व हेच आहे. म्हणून बोली वाढविण्याआधी जाहिरातीचा मजकूर आणि ती उघडल्यावर दिसणारे पान सुधारावे.

बोली कशी ठरवावी?

हळद-मिरची दळण्याच्या मशीनचे उदाहरण घेऊ. समजा, किंमत १५,००० रुपये आणि कमिशन ६ टक्के, म्हणजे एका विक्रीमागे ९०० रुपये. दहा ऑर्डरींपैकी दोन रद्द होतात किंवा माल परत जातो, असे धरले तर एका ऑर्डरमागे सरासरी ७२० रुपयेच हाती येतात. शंभर क्लिकमागे एक ऑर्डर मिळत असेल तर एका क्लिकची कमाई ७ रुपये २० पैसे झाली. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो. तो धरला तर ६ रुपये १० पैसे ही ना नफा ना तोटा अशी बोली. कमाईचा तिसरा हिस्सा नफा म्हणून ठेवायचा असेल तर बोली ४ रुपयांच्या पुढे नेऊ नये. दुसरा १० रुपये देत असेल तर देऊ द्यावे. त्याचे कमिशन कदाचित जास्त असेल, किंवा तो तोट्यात असेल.

शब्दाशब्दाचे वेगळे खाते

‘हळद’ या शब्दावर बोली लावली तर काय होईल? शेतकरी आजचा भाव पाहायला येईल, कोणी लग्नातल्या हळदीचे फोटो शोधेल, कोणी औषधी गुण वाचेल. मशीन घेणारा त्यात क्वचितच असेल. ‘हळद दळण्याची मशीन किंमत’ असे शोधणाराच खरा गिऱ्हाईक. त्याची संख्या कमी, पण तो खरेदीच्या जवळ असतो. ‘भाव’, ‘फोटो’, ‘जुनी’, ‘दुरुस्ती’ असे शब्द असतील तेथे आपली जाहिरात दाखवू नये, असे गुगलला सांगता येते. ही यादी दर आठवड्याला वाढवत जावी.

एकूण हिशोब फसवा असतो. समजा, क्लिकला ४ रुपये प्रमाणे पहिल्या शब्दावर २०० क्लिक आले आणि परतीची मुदत उलटून ३ विक्री पक्क्या झाल्या. खर्च जीएसटीसह ९४४ रुपये, कमिशन २,७०० रुपये. दुसऱ्या शब्दावर ४०० क्लिक आणि १ पक्की विक्री. खर्च १,८८८ रुपये, कमिशन ९०० रुपये. दोन्ही मिळून ७६८ रुपये नफा दिसतो आणि माणूस समाधान मानतो. दुसरा शब्द काढून टाकला असता तर नफा १,७५६ रुपये झाला असता.

मात्र घाईही करू नये. शंभरात एक विक्री होणाऱ्या शब्दावर पहिल्या शंभर क्लिकमध्ये एकही विक्री न होणे, हे तीनपैकी साधारण एका वेळी घडते. ३०० क्लिकपर्यंत काहीच हाती आले नाही तर मात्र तो शब्द सोडावा. ४ रुपये दराने या परीक्षेला जीएसटीसह १,४१६ रुपये लागतात. इतकी रक्कम बुडाली तरी घरखर्चाला धक्का बसणार नाही, अशी असेल तरच हात घालावा.

सावधगिरीच्या गोष्टी

जाहिरातीचे पैसे आज जातात आणि कमिशन परतीची मुदत संपल्यावर येते. मधल्या काळात भांडवल अडकते, ते उधारीवर आणून लावू नये. दिवसाची मर्यादा ठरविली तरी गुगल एखाद्या दिवशी तिच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकते. महिन्याचा खर्च मात्र दिवसाच्या मर्यादेच्या ३०.४ पटीपुढे जात नाही. कंपनीचे नियमही नीट वाचावेत. ॲमेझॉनच्या योजनेत त्यांचे नाव असलेल्या शब्दावर बोली लावण्यास मनाई आहे. असे नियम मोडले तर कमावलेले कमिशनही जाते.

माल कोणता, हेही पाहावे. कर्जाच्या ॲपचे कमिशन मोठे दिसते, पण व्याजाच्या व्यवहाराची दलाली आपल्याला चालेल का, हे बोली लावण्याआधी स्वतःला विचारावे. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाईन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर तर संसदेने २०२५ साली कायद्यानेच बंदी घातली आहे.

ज्यांचा स्वतःचा माल आहे, अशा शिलाई, फॅब्रिकेशन किंवा फर्निचरच्या कारागिरांनाही हाच हिशोब उपयोगी आहे. कमिशनच्या जागी एका कामातला निव्वळ नफा धरावा. जाहिरात हिंगोली, परभणी, नांदेड आणि वाशीम एवढ्याच भागात दाखवावी, म्हणजे जेथे माल पोचविता येत नाही तेथील क्लिकचे पैसे वाचतात.

सुरुवात एक वस्तू आणि पाच-सहा शब्दांनी करावी. वहीत शब्द, क्लिक, खर्च, पक्की विक्री आणि कमिशन असे पाच रकाने पाडावेत आणि दर जुम्याला किंवा आठवड्याच्या सुटीला ते भरावेत. बोली वाढवायची की शब्द सोडायचा, हे त्या वहीला विचारूनच ठरवावे.