मॅकाबिया क्रीडासंमेलन आणि स्त्रियांचे फुटबॉल

यहुदी लोकांचे जे आंतरराष्ट्रीय क्रीडासंमेलन भरते त्यास ‘मॅकाबिया’ असे म्हणतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात परकीय सत्तेविरुद्ध लढलेला यहूदा मॅकाबी ह्या वीराच्या नावावरून हे नाव पडले. पहिले संमेलन १९३२ साली तेल अवीव येथे भरले. १९५३ पासून ते साधारणतः दर चार वर्षांनी भरत आले आहे. परदेशांतून यहुदी खेळाडू येतात. इस्राएलच्या संघात मात्र तेथील कोणत्याही धर्माच्या नागरिकास स्थान मिळू शकते.

ह्या संमेलनात स्त्रियांस आरंभीच्या काळापासून वाव होता. १९३५ साली अमेरिकेच्या लिलियन कोपलंड ह्यांनी गोळा, थाळी व भाला ह्या तिन्ही फेकींत प्रथम क्रमांक मिळविला. स्त्रियांचे फुटबॉल मात्र तेथे फार उशिरा आले. असे का व्हावे?

पहिले कारण बंदीचे. १९२० च्या नाताळात लिव्हरपूल येथे स्त्रियांचा सामना पाहावयास ५३,००० प्रेक्षक लोटले होते. तथापि पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने हा खेळ स्त्रियांस अयोग्य ठरवून आपल्या क्लबांची मैदाने त्यांस बंद केली. ही बंदी सुमारे ५० वर्षे टिकली. स्त्रियांची पहिली विश्वचषक स्पर्धा १९९१ साली झाली आणि ऑलिंपिक सामन्यांत त्यांच्या फुटबॉलला १९९६ साली प्रवेश मिळाला.

दुसरे कारण खेळाच्या स्वरूपातच आहे. धावणारी स्त्री एकटीही संमेलनास जाऊ शकते. फुटबॉलला अकरा जणी लागतात, शिवाय राखीव खेळाडू हव्यात. ज्या देशात यहुदी वस्ती थोडी, तेथे इतक्या तयार मुली मिळणे सोपे नाही. बालपणापासून मैदान मिळाले असेल तरच असा संघ उभा राहतो. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलामुलींत भेद करण्यास मनाई झाली. त्यामुळे शाळा-कॉलेजांत मुलींचे संघ झपाट्याने वाढले व यहुदी मुलींसही त्यांत खेळावयास मिळाले.

ह्यावरून आम्हांस एवढेच सुचवावयाचे आहे की, संमेलनातील सामन्याची तयारी शाळेच्या मैदानावरच होत असते. चेंडू मुलींच्या हाती कोणत्या वयात येतो, ह्यावरच पुढील संघ अवलंबून असतो.