चाळीस लक्ष्यं आणि अर्धा मिलिमीटर

स्कीइंग आणि नेमबाजी एकत्र येणाऱ्या बायथलॉनमध्ये रायफलीचं टोक अवघं अर्धा मिलिमीटर सरकलं, तर गोळी लक्ष्याबाहेर जाते. हिशोब साधा आहे. लक्ष्य ५० मीटरवर असतं. झोपून नेम धरताना त्याचा व्यास ४५ मिलिमीटर, म्हणजे केंद्रापासून कडेपर्यंत जेमतेम साडेबावीस. खांद्याला टेकलेल्या दस्त्यापासून नळीच्या टोकापर्यंतची लांबी साधारण एक मीटर धरली, तर या टोकाशी ०.४५ मिलिमीटरची चूक पलीकडे पोहोचेपर्यंत पन्नास पटीनं वाढते. मुलांच्या पेन्सिलीत सरकवायचं बारीक शिसंसुद्धा याहून जाड असतं.

तेवढं लक्ष्य डोळ्याला किती दिसतं? पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासावर अशी दहा लक्ष्यं ओळीनं मावतील. उभं राहून नेम धरताना लक्ष्य ११५ मिलिमीटरचं मिळतं, तेही चंद्राच्या एक चतुर्थांशाएवढंच. आणि नेम धरणारा माणूस निवांत नसतो. पाठीवर किमान साडेतीन किलोची रायफल घेऊन, बर्फातले चढ स्कीवरून चढून तो नुकताच आलेला असतो. हृदय मिनिटाला १८०च्या आसपास ठोके देत असलं, तर सेकंदाला तीन ठोके झाले. गोळीला लक्ष्य गाठायला लागतो सेकंदाचा सुमारे सातवा हिस्सा. दोन ठोक्यांमधला अर्धा वेळही संपत नाही, तोवर निकाल लागलेला असतो.

युक्रेनची ओलेना पिध्रुश्ना या खेळात जगज्जेती झाली. देशाच्या पश्चिमेकडच्या तेर्नोपिल भागातली, जन्म १९८७चा. २०१३मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या नोवे मेस्तो इथे झालेल्या जागतिक स्पर्धेत तिनं साडेसात किलोमीटरच्या स्प्रिंटमध्ये सुवर्ण, परस्यूटमध्ये कांस्य आणि रिलेमध्ये रौप्य मिळवलं. एकाच स्पर्धेत तिन्ही रंगांची पदकं! पण तिच्या कारकिर्दीचा खरा आवाका कळतो तो पुढच्या वर्षी, २१ फेब्रुवारी २०१४च्या संध्याकाळी, रशियातल्या सोची ऑलिम्पिकच्या रिलेत.

रिलेत चौघी, प्रत्येकीला सहा किलोमीटर, म्हणजे एकूण २४. प्रत्येकीला दोनदा थांबून पाच-पाच लक्ष्यं पाडायची, म्हणजे संघाची लक्ष्यं ४०. प्रत्येक थांब्यावर पाच गोळ्या आणि जादा तीन. आठ गोळ्या संपूनही लक्ष्य उभं राहिलं, तर प्रत्येक चुकीला १५० मीटरची एक शिक्षा-फेरी. तिच्यात वीस-पंचवीस सेकंद सहज जातात.

आता शक्यतेचं गणित मांडून पाहू. दहापैकी नऊ गोळ्या लक्ष्यावर बसवणाऱ्या चौघी घेतल्या, तरी ४० गोळ्यांत ४० लक्ष्यं पडण्याची शक्यता दीड टक्क्याहून कमी. जादा गोळ्या आहेत म्हणूनच ही शर्यत माणसाच्या आवाक्यात येते. पण दडपणाखाली नेम दहापैकी आठवर घसरला, की जादा गोळ्या धरूनसुद्धा दर तीनपैकी एकीहून जास्त शर्यतींत संघाला शिक्षा-फेरी मारावी लागेल.

त्या संध्याकाळी दडपण किती होतं, ते युक्रेनची राजधानी किव्हकडे पाहिलं की कळतं. सोचीपासून सुमारे हजार किलोमीटरवर, ‘मैदान’ नावाच्या चौकात, आदल्या तीन दिवसांत अनेक डझन सरकारविरोधी आंदोलक गोळीबारात मेले होते. त्या आंदोलनातल्या मृतांना पुढे युक्रेनमध्ये ‘स्वर्गीय शंभर’ म्हणू लागले. घरच्या अशा बातम्या कानांवर असताना या चौघींना श्वास आवरून अर्धा मिलिमीटर सांभाळायचा होता.

विता सेमेरेन्को, युलिया जिमा, विताची जुळी बहीण वाल्या आणि शेवटच्या टप्प्याला पिध्रुश्ना. चाळीसच्या चाळीस लक्ष्यं पडली. शिक्षा-फेरी एकही नाही. वेळ १ तास १० मिनिटं २.५ सेकंद. दुसऱ्या आलेल्या रशियावर आघाडी २६.४ सेकंदांची, म्हणजे किलोमीटरमागे १.१ सेकंद. (रशियाचं ते रौप्य पुढे डोपिंगच्या प्रकरणात गेलं.) एका चुकलेल्या लक्ष्याची किंमत आणि सुवर्णाचं अंतर जवळजवळ सारखंच होतं. ओक्साना बायुलनं १९९४मध्ये फिगर स्केटिंग जिंकल्यानंतर तब्बल २० वर्षांनी युक्रेनला हिवाळी ऑलिम्पिकचं सुवर्ण मिळालं. पत्रकार परिषदेत या चौघींनी मृतांसाठी स्तब्धता पाळली.

दुसऱ्याच दिवशी किव्हच्या संसदेत ३२८ सदस्यांनी राष्ट्राध्यक्ष यानुकोविच यांना हटवण्याच्या बाजूनं मत दिलं. मार्चमध्ये रशियानं क्रिमिया गिळला. सुमारे २७ हजार चौरस किलोमीटर भूभाग आणि वीस लाखांहून जास्त माणसं. त्याच वर्षी पिध्रुश्ना युवक आणि क्रीडा खात्याची उपमंत्री झाली. वय २७. रेंजवर लक्ष्यं पाच, अंतर ५० मीटर, आणि पडलेलं लक्ष्य सगळ्यांना दिसतं. तेव्हा साडेचार कोटी लोकसंख्येच्या, सीमेवर पेटलेल्या देशाच्या कारभारात यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. ज्या माणसाच्या मेहनतीचं माप आयुष्यभर सेकंदाच्या दहाव्या हिश्शात निघालं, त्यानं या अथांग कामात उतरणं मला धाडसाचं वाटतं.

ती ट्रॅकवर परतली, हे मला त्याहून मोठं वाटतं. २०१४-१५चा हंगाम तिनं सोडला होता. दमसासाच्या खेळात एक हंगाम गमावणं म्हणजे शरीर पुन्हा पायापासून बांधणं. २०१८च्या प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये युक्रेनचा झेंडा तिच्या हाती होता. २०२०मध्ये इटलीतल्या अँटहोल्झच्या जागतिक स्पर्धेत ती रिलेचं कांस्य जिंकणाऱ्या संघात होती, तेव्हा तिचं वय ३३ होतं.

म्हणून तिच्या कारकिर्दीतला सगळ्यांत थक्क करणारा आकडा मी निवडला, तर तो सहा असेल. सुवर्णानंतरची सहा वर्षं. मंत्रालयाची खुर्ची, सोडलेला हंगाम आणि देशाच्या पूर्वेला रेंगाळलेलं युद्ध, एवढं सगळं मध्ये येऊनही तो अर्धा मिलिमीटर तिनं हातातून सुटू दिला नाही. एका संध्याकाळी नेम साधणं हा पराक्रम आहे; सहा वर्षांनी तोच नेम पुन्हा साधण्यासाठी रोज नव्यानं तयार होणं हा त्याहून मोठा पराक्रम आहे.