एका डब्यात चार संगणक

मैत्रिणींनो, जुन्या साड्यांवर भांडी घेताना आपण किती पारखून घेतो! पातेल्याच्या बुडाला टिचकी मारतो, काठ चेपलेला नाही ना ते पाहतो, आणि मगच बोहारणीपुढे दुसरी साडी टाकतो. जुना संगणक घ्यायला गेले तेव्हा ही सगळी अक्कल मी घरी ठेवून गेले आणि साडेचार हजारांना बुडाले. तुम्ही बुडू नये म्हणून हे लिहिते आहे.

झालं असं. माझी नणंद संगणक विषय घेऊन बी.एस्सी. झाली. पुण्याला मुलाखतीला गेली, तर त्यांनी विचारलं, "सर्व्हर स्वतःच्या हाताने उभा केला आहे का?" पोरीने पुस्तकातली व्याख्या म्हणून दाखवली. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या उमेदवाराला आत बोलावलं. मामंजींनी तिला मुदत दिली आहे ती पुढच्या तुळशीच्या लग्नापर्यंत. तोवर नोकरी लागली तर ठीक, नाहीतर आलेल्या स्थळाला होकार. खाजगी क्लासची फी पंचेचाळीस हजार, शिवाय दौलताबादहून शहरात रोजची ये-जा. माझ्याकडे होते भिशीचे अठरा हजार, तेही फ्रीजसाठी राखलेले.

"वहिनी, क्लास नको," ती म्हणाली. "एक बरा संगणक मिळाला तर त्यातच चार करता येतील."

तुम्ही म्हणाल, एकाचे चार कसे? मलाही पटेना. मग तिने समजावलं ते असं. जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. वाडा एक, बिऱ्हाडं चार. प्रत्येकाची चूल वेगळी, दार वेगळं, एकाच्या घरात भांडण झालं तरी दुसऱ्याची भाजी करपत नाही. हे बिऱ्हाडकरू म्हणजे व्हर्च्युअल मशीन, आणि त्यांना जागा वाटून देणारी घरमालकीण म्हणजे हायपरव्हायजर नावाची प्रणाली. वाड्यातला नळ, म्हणजे प्रोसेसर, पाळीपाळीने वापरता येतो. खोल्यांचं, म्हणजे मेमरीचं, मात्र तसं नाही. एकाला दिलेली खोली सहसा दुसऱ्याला मिळत नाही. म्हणून अशा कामाला आधी मेमरी बघायची, वेग नंतर.

कल्पना काही आजची नव्हे. आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकात खोलीएवढ्या यंत्रांवर ती वापरली आणि १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने बाजारात आणली. घरगुती संगणकाच्या प्रोसेसरमध्ये त्यासाठीची खास सोय इंटेलने २००५ च्या सुमारास घातली. त्यामुळे आज ऑफिसांनी टाकून दिलेल्या यंत्रातही ती बहुधा असतेच.

आता माझी फजिती. शहरातल्या एका दुकानात चकचकीत पुसलेला संगणक पाहिला आणि घेऊन आले. घरी आल्यावर कळलं, मेमरी चार जीबी आणि वाढवायला जागाच नाही. त्यात आतल्या मूळ मांडणीला, म्हणजे बायोसला, कोणा जुन्या मालकाचा पासवर्ड! व्हर्च्युअलायझेशनची कळ तिथेच असते, आणि ती पुष्कळदा बंद असते. कुलूप उघडेना, कळ चालू होईना. दुकानदाराने "चालू स्थितीत दिला होता" म्हणून हात झटकले. तो खोटं बोलला नाही. मीच विचारलं नव्हतं. ह्यांनी एक शब्द काढला नाही, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या खेपेला घाई केली नाही. मोठ्या कंपन्या संगणक तीन-चार वर्षांच्या भाडेकरारावर घेतात आणि मुदत संपली की शेकड्याने परत करतात. ते साफसूफ होऊन जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांकडे येतात. मुंबईत ह्या बाजाराचं ठिकाण लॅमिंग्टन रोड (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग), दिल्लीत नेहरू प्लेस. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट यंत्रं ऑफिसांनी काढून टाकली. लिनक्स चालवणाऱ्याला त्यात काही कमी नाही. आमच्या शेजारच्या कागजीपुऱ्यात चिंध्यांपासून कागद होत आला, तसंच हे.

ह्यांच्या पुण्याच्या मामेभावाने व्यापाऱ्याकडे उभं राहून एक यंत्र तपासून घेतलं. ऑफिसातल्या टेबलाच्या मागे बसवतात तसलं, वीतभर लांब-रुंद. डेलचं ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचं थिंकसेंटर टायनी आणि एचपीचं एलिटडेस्क मिनी ही सारी एकाच चणीची. आमचं सहाव्या पिढीच्या आय-५ चं, चार गाभ्यांचं, सोळा जीबी मेमरीचं, २५६ जीबी एसएसडीचं. साडेबारा हजार पडले. आठ जीबीचं घेऊन पुढे पट्टी वाढवू असं आधी ठरवलं होतं, पण २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर कडाडले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य यंत्रांकडे माल वळू लागला. तेव्हा आत असलेली मेमरीच स्वस्त, हे ध्यानात ठेवा.

तुम्ही स्वतः जाणार असाल तर दुकानातच चालू करायला लावा. बायोसमध्ये पासवर्डाशिवाय जाता येतं का ते पाहा आणि ती कळ तिथेच चालू करून घ्या. इंटेलमध्ये तिला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीमध्ये एसव्हीएम. तारीख दर वेळी मागे जात असेल तर आतला बटणासारखा सेल संपला आहे. तो किरकोळ खर्च, त्यावर सौदा मोडू नका, भाव मात्र पाडा. अडॅप्टर त्याच कंपनीचा मागून घ्या, ह्या छोट्या यंत्रांना कुठलाही चालत नाही. बिल लेखी.

आणि मोहात पडू नका! जुने खरेखुरे सर्व्हरही कधीकधी भंगाराच्या भावात मिळतात. पण त्यांचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. शिवाय दीडशे वॅट खाणारं यंत्र दिवसरात्र चाललं तर महिन्याला १०८ युनिट होतात. आमचं छोटं यंत्र कामात नसताना पंधरा वॅटच्या आसपास घेतं, म्हणजे महिन्याला अकरा युनिट.

पैसे अगदीच नसतील तर स्क्रीन फुटलेला लॅपटॉप शोधा. फुटक्या स्क्रीनमुळे त्याला कोणी विचारत नाही, टीव्हीला जोडला की झालं. बॅटरी शाबूत असेल तर वीज गेल्यावर तोच तग धरतो. आमच्याकडे ही सोय नाही, याची हळहळ मला अजून आहे.

त्याहून आधी घरातलाच संगणक तपासा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर व्हर्च्युअलायझेशन चालू की बंद ते लिहिलेलं असतं. चालू असेल आणि मेमरी आठ जीबी असेल तर फुकटचं व्हर्च्युअलबॉक्स घालून एक-दोन बिऱ्हाडं आजच ठेवता येतील. आम्ही प्रॉक्समॉक्स घातलं. ते व्हिएन्नाचं, वापरायला फुकट. वर्गणी भरली नाही अशी सूचना ते दर वेळी दाखवतं, तिकडे लक्ष देऊ नये. पण बसवताना ते निवडलेली डिस्क कोरी करतं, तेव्हा लग्नाचे फोटो आधी दुसरीकडे हलवा, बरं का!

आता धान्याच्या कोठीवरच्या फळीवर आमचा डबा बसला आहे. त्याला स्क्रीन लागत नाही, नणंद तिच्या जुन्या लॅपटॉपवरून सगळं चालवते. काही नवं करण्याआधी ती स्नॅपशॉट घेते. आपण कच्चा टाका घालून पाहतो ना, बसलं नाही तर उसवतो, तसंच. एका यंत्रातून दुसऱ्यात शिरायचा प्रयत्न करते आणि मध्ये फायरवॉल उभी करते. "वहिनी, हा आपल्या किल्ल्याचा खंदक," म्हणाली, "अंधारी अजून बांधायची आहे." गेल्या आठवड्यात तिने चारही बिऱ्हाडं बिघडवली आणि दोन रात्री जागून पुन्हा बसवली. मला ते पाहून बरं वाटलं.

परवा पुन्हा पुण्याहून बोलावणं आलं आहे. फ्रीज यंदाही होत नाही. मामंजींनी अजून मुदत वाढवलेली नाही, पण रात्री कडी लावताना फळीकडे बघून विचारतात, "काय गं, झोपले का तुझे भाडेकरू?"