भूलयंत्रातील सोडा लाइमचा डबा

पुण्यातील बिबवेवाडीत ईएसआय रुग्णालय आहे आणि लहान-मोठी खासगी रुग्णालयेही आहेत. अशा ठिकाणी शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभ्या असणाऱ्या भूलयंत्राचा वंश एडमंड बॉइल या लंडनच्या भूलतज्ज्ञाने १९१७ मध्ये घडवलेल्या यंत्रापर्यंत जातो. त्यानंतर या यंत्रात पुष्कळ सुधारणा झाल्या, तरी रुग्णाचा श्वास आजही नळ्या, झडपा आणि सांधे यांच्या एका साखळीवरच अवलंबून असतो, आणि त्या साखळीतील सर्वांत लक्षवेधी भाग म्हणजे सोडा लाइमचा डबा.

चक्राकार श्वसनमार्गात रुग्णाने सोडलेली हवा बाहेर न टाकता पुन्हा वापरली जाते, त्यामुळे भुलीचे महागडे औषध वाचते. मात्र त्या हवेतील कार्बन डायऑक्साइड काढून टाकावा लागतो, आणि हे काम मुख्यतः कॅल्शियम हायड्रॉक्साइडपासून बनलेले सोडा लाइमचे पांढरे दाणे करतात. त्यांची शोषणशक्ती संपत आली की त्यांत मिसळलेला रंगदर्शक जांभळा होतो. परंतु काही काळ पडून राहिल्यावर तो रंग पुन्हा फिका पडू शकतो, म्हणून डोळ्यांपेक्षा कॅप्नोग्राफवर, म्हणजे श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या उपकरणावर, अधिक भिस्त ठेवावी लागते. आत घेतलेल्या श्वासातही हा वायू दिसू लागला, तर ताज्या वायूचा प्रवाह वाढवून तो बराचसा बाहेर लोटता येतो आणि डबा बदलण्यास उसंत मिळते.

काही यंत्रांत डबा काढताच पर्यायी मार्ग आपोआप उघडतो आणि श्वसनमार्ग अखंड राहतो. इतर यंत्रांत मात्र डबा काढताच वायू खोलीत निसटतो आणि व्हेंटिलेटरचा दाब पडतो. नवा डबा बसवताना रबरी कड्यावर एखादा दाणा राहिला तरी गळती सुरू होते. पर्यायी मार्गाच्या यंत्रात डबा अर्धवट बसला, तर गळती नसते, छाती नीट हलते आणि दाबही योग्य दिसतो, पण वायू दाण्यांना न शिवताच परत फिरतो. हा मूक दोष केवळ कॅप्नोग्राफच उघड करतो.

नळी किंवा कोपरजोड बदलतानाही असाच धोका असतो. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात २००१ मध्ये नऊ वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू श्वसनमार्गात अडकलेल्या टोपणामुळे झाला, आणि त्यानंतर प्रत्येक भाग वापरेपर्यंत वेष्टनात ठेवण्यावर व जोडण्यापूर्वी तपासण्यावर भर देण्यात आला.

खरी अडचण पुढेच आहे. सकाळी केलेली गळतीची चाचणी, ज्यात रुग्णाकडील तोंड बंद करून सुमारे ३० सेंटिमीटर पाण्याइतका दाब टिकतो का ते पाहतात, एक भाग बदलताच निरुपयोगी ठरते. पण ती पुन्हा करायची तर रुग्णाला यंत्रापासून तोडावे लागते, आणि लहान मुले, गरोदर स्त्रिया व स्थूल रुग्ण यांचा प्राणवायूचा साठा झपाट्याने संपतो. म्हणून अंबू बॅग, म्हणजे दाबल्यावर स्वतःच फुगणारी श्वासपिशवी, आणि स्वतंत्र ऑक्सिजन सिलिंडर अगोदरच हाताशी असावे लागतात. या पिशवीतून भुलीची वाफ जात नसल्याने तेवढा वेळ शिरेतून प्रोपोफॉलसारखे औषध देऊन भूल टिकवावी लागते. एकाच दिवसात अनेक लहान रुग्णालयांत जाणाऱ्या भूलतज्ज्ञासमोर प्रत्येक ठिकाणी वेगळे यंत्र असते, त्यामुळे येथील डबा पर्यायी मार्गाचा आहे की नाही, हे त्याने पहिल्या रुग्णाला भूल देण्यापूर्वीच जाणून घेतले पाहिजे.

भाग बदलण्यास काही क्षण पुरतात, तरी त्या क्षणांनंतरचे यंत्र न तपासलेले यंत्र असते. म्हणून प्रत्येक शस्त्रक्रियागृहाने अंबू बॅग यंत्राशेजारीच टांगून ठेवावी, आणि बदलानंतर दाब, छातीची हालचाल व कॅप्नोग्राफ ही तिन्ही पाहिल्याशिवाय शस्त्रक्रिया पुढे नेऊ नये.