ऑपरेशनच्या आधीची भीती

श्रोतेहो, आजचा विषय जरा अवघड आहे. पुष्कळ घरांत तो असतो, पण त्याविषयी कोणी बोलत नाही.

गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. पंचविशीतला, शेती करून दुकान चालवणारा. कॉलेजात असताना तो खांदे पुढे ओढून चाले, उन्हाळ्यातही आत दोन बनियनं घाली. मला वाटे, असेल स्वभाव. कारण त्या दिवशी कळलं. वयात येताना त्याची छाती वाढली, ती तशीच राहिली. तेव्हापासून विहिरीवर पोहणं बंद, कबड्डी बंद, पोळ्याला नदीवर बैल धुवायला जाणंही बंद. आता ऑपरेशनची तारीख ठरली होती, आणि आठ दिवस डोळ्याला डोळा नव्हता.

"सर, भूल दिल्यावर जागाच झालो नाही तर?" हा त्याचा पहिला प्रश्न. चहा संपला, बराच वेळ गेला, तेव्हा दुसरा आला. "आणि शेजारच्या खाटेवरच्यानं विचारलं, कसलं ऑपरेशन, तर काय सांगू?"

मंडळी, मी डॉक्टर नव्हे, मास्तर आहे. मी त्याच्यापुढे कागद ठेवला नि म्हटलं, मनात येतील ते सगळे प्रश्न लिही, वेडगळ वाटला तरी लिही. अकरा प्रश्न निघाले. तो कागद घेऊन आम्ही दोघे डॉक्टरांकडे गेलो. तिथं जे कळलं, ते आपल्याला सांगतो.

या विकाराला गायनेकोमास्टिया म्हणतात. पुरुषाच्या शरीरातही स्त्रीचं संप्रेरक थोडंसं असतंच. त्याचं नि पुरुषी संप्रेरकाचं प्रमाण बिघडलं की छातीतली ग्रंथी वाढते. वयात येणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलांना हे कमीजास्त होतं, आणि बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरतं. म्हणून कोवळ्या वयात ऑपरेशनची घाई करीत नाहीत. मोठेपणी मात्र आधी कारण शोधतात. काही औषधं, यकृताचा आजार, तालमीत घेतलेली स्टिरॉइडं, क्वचित अंडकोषातली गाठ, अशी कारणं असू शकतात. एकाच बाजूला कठीण गाठ लागली, किंवा बोंडातून रक्त आलं, तर दाखवायला उशीर करू नये.

आणि हे आजचं नव्हे, बरं का! सातव्या शतकातल्या पॉल नावाच्या ग्रीक वैद्यानं यावरची शस्त्रक्रिया लिहून ठेवली आहे. तेव्हा भूल नव्हती. इथरची भूल देऊन शस्त्रक्रिया होते हे बोस्टनच्या रुग्णालयात जाहीरपणे दाखवलं गेलं, ते १८४६ साली.

आता भुलेविषयी. ऑपरेशन चालू असताना भूलतज्ज्ञ पूर्णवेळ उशाशी असतो. बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू पाहतो, नाडी नि रक्तदाब पाहतो. निरोगी तरुणाला भुलेनं दगा होणं फार विरळ. पण त्याला खरं सांगावं लागतं. दारू, तंबाखू, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, वैद्याचं चूर्ण, तालमीतली पावडर, यांतलं काहीही लपवू नये. सांगितल्या वेळेपासून उपाशी राहावं. "एक घास खाल्ला तर काय होतं?" असं म्हणू नये, पोटातलं अन्न भुलेत वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. आणि भीती वाटते, हेही भूलतज्ज्ञाला सांगावं. मन शांत करणारं औषध तो देऊ शकतो.

ऑपरेशन साधारण एकदोन तासांचं. बोंडाच्या कडेला लहान छेद घेतात, चरबी नळीनं ओढून घेतात, ग्रंथी कापून काढतात. पुढं काही आठवडे घट्ट बनियन घालायचं, महिना-दीड महिना पोती उचलायची नाहीत. सूज असते, बधिरपणा असतो. कधी आत रक्त साचतं, कधी दोन्ही बाजू सारख्या दिसत नाहीत. डॉक्टरांनी हे मोकळेपणानं सांगितलं, नि गंमत पाहा, ते ऐकून पोराचा चेहरा उजळला. अंधारात दोरीचा साप होतो. कंदील धरला की कळतं, किती भ्यायचं ते.

आणखी एक गोष्ट डॉक्टर म्हणाले. हे बहुधा तातडीचं ऑपरेशन नव्हे. मन तयार नसेल तर तारीख पुढं ढकलता येते, त्यात कमीपणा नाही. एवढं ऐकलं, नि त्या रात्री तो झोपला. आदल्या रात्रीसाठीही त्यांनी साधा उपाय सांगितला : श्वास सावकाश घ्यावा, त्याहून सावकाश सोडावा, आणि ज्याच्यापाशी लाज वाटत नाही असं एक माणूस जवळ ठेवावं. त्यानं थोरल्या भावाला सांगितलं. भाऊ म्हणाला, "एवढी वर्षं बोलला का नाहीस रे?"

शिक्षक मित्रांनो, या प्रश्नाचं उत्तर आपल्यापाशी आहे. वर्गात कुणी अशा मुलाला नाव ठेवतं, नि आपण हसण्यावारी नेतो. तिथंच त्याचं तोंड बंद होतं. पीटीच्या तासाला सदरा काढायला न धजणारा मुलगा दिसला, तर त्याला एकट्याला बोलवा. "हे पुष्कळांना होतं, बहुतेकांचं जातं, नाही गेलं तर इलाज आहे," एवढी तीन वाक्यं पुरेत.

ऑपरेशन नीट झालं. शेजारच्या खाटेवरच्यानं विचारलंच, "कसलं रे ऑपरेशन?" हा म्हणाला, "छाती वाढली होती, काढून टाकली." तो म्हणाला, "बरं झालं," आणि कूस बदलून झोपला.