सुरी कोणाच्या हातात?

गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या मावशी कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आल्या. कंबरेचा मणका सरकलेला, पाय बधिर, चार पावलं चालल्या की बसायला जागा शोधायच्या. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं होतं, रुग्णालयाचा तोरही मिळाला होता. पण मावशी सही करायला तयार नव्हत्या. "अरे बाबा, रोबो करणार म्हणतात! मशीन माझ्या पाठीत सुरी घालणार नि डॉक्टर बाहेर चहा पिणार. त्यापेक्षा दुखलेलं बरं."

आम्ही हसलो नाही. आपल्यातल्या पुष्कळांची हीच समजूत आहे. संमतीपत्र हिब्रूत, तेही बारीक अक्षरांत. नातवंडं घाईघाईने "सगळं ठीक आहे" म्हणून बोट ठेवतील तिथे सही घेतात. म्हणून आम्हांला जे समजलं ते आपल्या भाषेत सांगतो.

'रोबो' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठबिगारी. तेव्हा रोबो हा मालक नव्हे, गडी. ऑपरेशनच्या खोलीतही तो गडीच असतो.

मणक्याच्या ऑपरेशनचा एक नावाजलेला रोबो तर आपल्या इस्राएलातच जन्मला. हैफाच्या टेक्निऑनमधले प्राध्यापक मोशे शोहाम यांच्या संशोधनातून २००१ मध्ये 'माझोर' ही कंपनी निघाली. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मेडट्रॉनिकने ती सुमारे १.६ अब्ज डॉलरला विकत घेतली. पहिला रोबो सरबताच्या डब्याएवढा होता! त्याचं काम असं: आधी रुग्णाचा सीटी स्कॅन काढतात. कोणत्या मणक्यात, कोणत्या कोनात, केवढा स्क्रू बसवायचा हे डॉक्टर संगणकावर ठरवतात. ऑपरेशनच्या वेळी रोबो त्या नेमक्या जागी नळी धरून उभा राहतो. भोक पाडतात डॉक्टर, स्क्रू बसवतात तेही डॉक्टरच. मणक्याला लागूनच नसा असतात, दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी महागात पडतं. म्हणून हा न थरथरणारा हात.

पोटाच्या, प्रोस्टेटच्या ऑपरेशनसाठी 'दा विंची' नावाचा दुसरा रोबो आहे. अमेरिकेत त्याला २००० साली परवानगी मिळाली. त्यात डॉक्टर त्याच खोलीत, थोड्या अंतरावर बसून दुर्बिणीसारख्या पडद्यात बघतात आणि हातांनी दांडे हलवतात. तसतशी रुग्णाच्या पोटातली बारीक हत्यारं हलतात. डॉक्टरांनी हात थांबवला की रोबोही थांबला.

मग सगळं गोडच का? नाही. २०१८ मध्ये एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये गर्भाशय काढताना दुर्बिणीने किंवा रोबोने ऑपरेशन झालेल्या बायकांपेक्षा जुन्या पद्धतीने पोट उघडून ऑपरेशन झालेल्या बायका जास्त जगल्या. जखम लहान म्हणजे गुण मोठा असं धरून चालू नये. कोणत्या आजाराला काय योग्य, हे प्रत्येक वेळी विचारावंच लागतं.

आम्ही मावशींबरोबर डॉक्टरांकडे गेलो. तीन प्रश्न मराठीत लिहून नेले होते. हे ऑपरेशन रोबोने तुम्ही स्वतः किती वेळा केलंत? माझ्या आजारात रोबोचा फायदा नेमका कोणता? मध्येच यंत्र बंद पडलं तर? डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि अर्धा तास समजावलं. यंत्र बंद पडलं तर पुढचं काम नेहमीच्या पद्धतीने करू, हेही सांगितलं. शेवटी मावशींनी चौथा प्रश्न आपणहून विचारला, "म्हणजे तू तिथे उभा असशील ना?" डॉक्टर म्हणाले, "पहिल्यापासून शेवटपर्यंत." तेव्हा कुठे सही झाली.

आज मावशी बाजारापर्यंत चालत जातात. जिना चढताना अजून दुखतं. रोबोने काही तरुण केलं नाही, असं त्याच सांगतात.

वाचकहो, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना संमतीपत्रासमोर एकटं सोडू नका. बरोबर जा, प्रश्न लिहून न्या, उत्तर मराठीत सांगा. हे काम अजून कुठल्या रोबोला जमलेलं नाही.